पाकिटावरचा आकडा माशाच्या आतड्यापर्यंत पोहोचतो का? पूरक-उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
मत्स्यशेतीसाठी प्रोबायोटिके आणि इतर खाद्यपूरके बनवणाऱ्या कंपन्यांचे तांत्रिक व विक्री विभाग

विषय : जिवंत जिवाणूंची संख्या, मात्रा आणि चाचण्यांची पूर्ण माहिती खरेदीदाराला देण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे माशाला द्यायच्या उपयोगी जिवंत जिवाणूंच्या पुडीच्या, पाकिटावर सगळ्यांत ठळक काय असेल, तर एक आकडा : ‘प्रति ग्रॅम १० अब्ज सीएफयू’. सीएफयू म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वसाहत धरू शकणारे, थोडक्यात जिवंत आणि वाढण्याजोगे जिवाणू. ही मोजणी माल कारखान्यातून निघताना केली की मुदत संपताना, हे पाकिटावर नसते. पाच जातींची नावे छापलेली असली, तर त्यातल्या कोणत्या जातीचे किती, हेही नसते. खाद्यगिरणीच्या वाफेतून गेल्यावर त्यातले किती उरतील, याबद्दल तर अक्षरही नसते. मत्स्यपालक पैसे मोजतो ते छापलेल्या आकड्याचे, आणि माशाच्या पोटात जाते ते त्यातून उरलेले. ही तफावत आपल्याला ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे. ज्याच्या तळ्यात माल पडतो त्याला मात्र ती सांगितली जात नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही माशांचे आरोग्य, खाद्यनिर्मिती आणि सूक्ष्मजीवशास्त्र या क्षेत्रांत काम करतो. पूरकांना आमचा विरोध नाही. प्रतिजैविकांचा वापर खाली आणायचा असेल, तर आतडे निरोगी ठेवणारी साधने लागणारच. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे बंद केले, तेव्हापासून या साधनांकडे सगळ्यांचेच लक्ष आहे. नेमक्या याच कारणाने आम्हाला काळजी वाटते. चांगले जिवाणू चुकीच्या पद्धतीने विकले गेले की ‘प्रोबायोटिकचा काही उपयोग नाही’ असे म्हणत मत्स्यपालक पुन्हा औषधाच्या डब्याकडे वळतो.

आधी आतड्याविषयी. ‘सर्व माशांसाठी उपयुक्त’ हे वाक्य आपल्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असते, आणि आमचा पहिला आक्षेप त्यालाच आहे. रोहू, कटला आणि एकूणच कार्प कुळातल्या माशांना जठर नसते. घास थेट आतड्यात उतरतो आणि तिथला सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल) ७ च्या आसपास किंवा थोडा वरच असतो. तिलापियाला जठर असते आणि त्यातला सामू पचन चालू असताना २ च्याही खाली जाऊ शकतो. सालमन आणि ट्राउट मांसाहारी, थंड पाण्यातले. जठरानंतर त्यांच्या आतड्याला बोटांसारख्या अंधनलिकांचा झुबका असतो. आम्लात तगणारा जिवाणू तिलापियासाठी निवडला, तर त्या निवडीला अर्थ आहे. कार्पसाठी त्या गुणाचे मोल फारसे नाही. तापमानाचेही तेच. बॅसिलस गटातले बहुतेक व्यापारी जिवाणू २५ ते ४० अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात. १० अंशांच्या पाण्यात ट्राउटचे आतडेही १० अंशांचेच असते. तिथे बीजाणू (बॅसिलसची सुप्त, कणखर अवस्था) रुजायच्या आत विष्ठेबरोबर बाहेर पडण्याची शक्यताच जास्त. थंड पाण्यासाठी थंडीत वाढणारे जिवाणू निवडावे लागतात, आणि पाकिटावर तापमानाची मर्यादा छापावी लागते. एवढी एक ओळ छापली, तरी कितीतरी माल चुकीच्या पाण्यात जायचा थांबेल.

शिवाय ते आतडे रिकामे नसते. गोड्या, उबदार पाण्यातल्या कार्प आणि तिलापियाच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू मुबलक असतो आणि तो बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो. म्हणूनच तिलापियाला ते खाद्यातून वेगळे द्यावे लागत नाही. समुद्रातल्या सालमनच्या आतड्यात बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा गटाचे प्राबल्य दिसते. जंतुविरहित वाढवलेल्या झेब्राफिशवरचे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाच हे स्पष्ट झाले होते की सूक्ष्मजीव नसतील तर आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची नवनिर्मितीसुद्धा मंदावते. आपला जिवाणू या भरल्या घरात पाहुणा म्हणून जातो. बहुतेक वेळा तो कायमचा राहत नाही. देणे थांबवले की काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत दिसेनासा होतो. तो वाईट असतो म्हणून असे होते, असे नाही. जाता जाताही तो काम करतो : विकरे (एन्झाइम) सोडतो, रोगजंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाही, अस्तराखालच्या रोगप्रतिकारक पेशींना जागे ठेवतो. पण मग ‘एकदा द्या, आतड्यात कायमची वसाहत’ हा दावा आपण छापता कसा? रोजच्या रोज द्यावे लागते, हे मत्स्यपालकाला पहिल्याच दिवशी कळायला हवे; त्याचा खर्चाचा अंदाज त्यावर उभा असतो. अपवाद अळ्यांचा. तोंड नुकतेच उघडलेल्या अळीच्या आतड्यात तुलनेने मोकळी जागा असते, आणि रोटिफर किंवा आर्टेमिया या अळ्यांना चारल्या जाणाऱ्या चिमुकल्या जिवांना जिवाणू चारून ते अळीपर्यंत पोहोचवता येतात. हॅचरीसाठी हा उपयोग खरा आहे, आणि आपण त्याची जाहिरात सगळ्यांत कमी करता.

आता उष्णतेकडे. साध्या पेलेट मिलमध्ये खाद्य ७५ ते ९० अंशांच्या वाफेतून जाते. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे दाबाखाली खाद्य शिजवून दाणे पाडणाऱ्या यंत्रात, तापमान ११० ते १५० अंशांपर्यंत चढते, शिवाय दाब आणि घर्षण असते. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, मग ते लॅक्टोबॅसिलस असोत वा पेडियोकॉकस, ६०-६५ अंशांपुढे झपाट्याने मरतात. यीस्टचेही तसेच. बॅसिलसचे बीजाणू पेलेट मिलमधून बऱ्यापैकी वाचतात, एक्स्ट्रूडरमध्ये मात्र त्यांच्यातही मोठी घट होते. असे असताना लॅक्टोबॅसिलस असलेले मिश्रण ‘खाद्य बनवतानाच मिसळा’ अशी सूचना देऊन विकले जाते, तेव्हा गिरणीतून बाहेर पडते ते मेलेल्या जिवाणूंचे खाद्य. मेलेल्या जिवाणूंच्या पेशीभित्तिकांचाही रोगप्रतिकारशक्तीवर थोडाफार परिणाम होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण मग त्याला प्रोबायोटिक म्हणू नका. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली व्याख्या ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ या दोन अटींवर उभी आहे. दोन्ही अटी गिरणीच्या दारातच मोडतात.

उपाय दोनच. एक्स्ट्रूजननंतर, खाद्य थंड झाल्यावर तेलातून निर्वात आवरण चढवणे, किंवा शेतावर रोज खाद्याला वरून लेप देणे. पहिले काम गिरणीचे. दुसरे मत्स्यपालकाचे, आणि ते कसे करायचे हे आपल्या पाकिटावर ‘खाद्यात मिसळून द्या’ या तीन शब्दांत उरकलेले असते. प्रत्यक्षात ते असे करावे लागते.

पूड प्रति ग्रॅम खरोखर १० अब्ज असेल, तर १ किलो खाद्याला १ ग्रॅम पुरते. खाद्याच्या प्रत्येक ग्रॅममागे १ कोटी जिवाणू येतात. पूड १ अब्जाची असेल, तर त्यासाठी किलोला १० ग्रॅम लागतील. तळ्यात ५०० किलो मासे असतील आणि दिवसाला वजनाच्या ३ टक्के खाद्य द्यायचे असेल, तर खाद्य १५ किलो आणि पूड १५ ग्रॅम. इतकी कमी पूड कोरडीच १५ किलोत टाकून ढवळली, तर काही दाण्यांना भरपूर आणि उरलेल्यांना काहीच नाही, असे होते. म्हणून ती आधी पाण्यात कालवायची : किलोमागे ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे १५ किलोला साधारण अर्धा लिटर. पाणी उकळून गार केलेले हवे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन लॅक्टिक जिवाणूंना जागीच मारतो. खाद्य स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरायचे, कालवण फवारणीच्या पंपाने शिंपडत उलथत राहायचे, पण आधी कीटकनाशक भरलेला पंप या कामाला कधीही वापरायचा नाही. पंधरा-वीस मिनिटे सावलीत मुरू द्यायचे. मग किलोमागे १० ते १५ मिलिलिटर खाद्यतेल किंवा माशाचे तेल वरून चोळायचे. हे तेल टाळले, तर दाणा पाण्यात पडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच लेप सुटू लागतो, आणि सावकाश खाणाऱ्या माशांच्या बाबतीत बराचसा माल पाण्यातच राहतो. तेलाऐवजी जिलेटिन वापरणारेही आहेत. ते विरघळवायला पाणी गरम करावे लागते, आणि घाईत त्याच गरम पाण्यात पूड टाकली जाते. ३५ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय टाकू नका, हे वाक्य पाकिटावर हवेच. लेप दिलेले खाद्य त्याच दिवशी संपवायचे; ओलावा लागलेले खाद्य रात्रभर पोत्यात बांधून ठेवले की बुरशी धरते, आणि बुरशीचे विष माशाच्या यकृताला जे करते ते कोणताही जिवाणू भरून काढत नाही.

काही विक्रेते ‘पूड मळीच्या पाण्यात रात्रभर वाढवा, दहापट होईल’ असा सल्ला देतात. आपल्यापैकी काहींच्या माहितीपत्रकांतही तो आहे. कृपा करून तो काढून टाका. उघड्या पिंपात, निर्जंतुक न केलेल्या पाण्यात, साखर घालून वाढवलेल्या द्रवात काय वाढले हे कुणालाच कळत नाही. आपला जिवाणू वाढला तरी तो आता बीजाणू राहिलेला नसतो, त्याची उष्णता आणि कोरडेपणा सोसण्याची ताकद गेलेली असते. आणि तो वाढला नसेल, तर जे वाढले आहे ते आपण माशाला चारतो.

याहून मोठी नासाडी तळ्यात ओतण्यात होते. हिशेब करून पाहा. एक हेक्टरचे तळे, सरासरी खोली दीड मीटर : पाणी १५,००० घनमीटर, म्हणजे १५ अब्ज मिलिलिटर. प्रति ग्रॅम १ अब्ज जिवाणू असलेली एक किलो पूड त्यात ओतली, तर एकूण जिवाणू १ लाख कोटी, आणि प्रत्येक मिलिलिटरच्या वाट्याला आले सुमारे ६७. तळ्याच्या त्याच एका मिलिलिटरमध्ये आधीपासून साधारण १० लाख जिवाणू असतात. पंधरा हजारांत एक! तोही त्या पाण्याला सरावलेला नाही, आणि जिवाणू खाणारे प्राणिप्लवक त्याला सोडत नाहीत. तीच एक किलो पूड खाद्याला लावली असती, तर १०० किलो खाद्यावर ग्रॅममागे १ कोटी जिवाणू बसले असते. ‘हेक्टरी एक किलो, पंधरवड्यातून एकदा’ ही मात्रा या हिशेबावर टिकत नाही. तरीही ती पाकिटांवर आहे. पूड मळी किंवा गुळासोबत संध्याकाळी ओतायची शिफारस तर धोक्याची आहे. साखर मिळताच पाण्यातले सगळे जिवाणू एकदम वाढतात, रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असते, आणि पहाटे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन अगदी कमी होतो. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात, त्याला मग रोग समजून पुढची बाटली विकली जाते. बायोफ्लॉकमध्ये (पाण्यात जिवाणूंचे पुंजके वाढवून मासे पाळण्याच्या पद्धतीत) कार्बन मुद्दाम घालतात हे खरे, पण तिथे रात्रंदिवस हवा दिली जाते. साध्या तळ्याला तो नियम लावता येत नाही.

संख्या तपासणे अवघड नाही, म्हणून ‘ते शक्य नाही’ हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही. १ ग्रॅम पूड ९ मिलिलिटर निर्जंतुक मीठपाण्यात (०.८५ टक्के) टाकून गुठळ्या मोडेपर्यंत हलवायची, गुठळी राहिली की शेकडो जिवाणूंची मिळून एकच वसाहत दिसते आणि आकडा फसवा येतो. त्यातले १ मिलिलिटर पुढच्या नळीतल्या ९ मिलिलिटरमध्ये, असे करत सातव्या नळीपर्यंत जायचे, दर नळीला नवी पिपेट. सातव्या नळीतले ०.१ मिलिलिटर आगरच्या प्लेटवर पसरायचे. बॅसिलससाठी साधे पोषक आगर, ३७ अंश, एक दिवस. लॅक्टिक जिवाणूंसाठी एमआरएस आगर, कमी ऑक्सिजन, दोन दिवस. प्लेटवर ३० ते ३०० वसाहती असतील तरच मोजणी धरायची. शंभर दिसल्या, तर १०० गुणिले १० गुणिले १ कोटी, म्हणजे प्रति ग्रॅम १० अब्ज : पाकीट खरे बोलते. सातव्या नळीची प्लेट कोरी निघाली आणि चौथ्या नळीच्या प्लेटवर शंभर वसाहती आल्या, तर पाकिटात हजारावा हिस्साच आहे. बॅसिलसच्या पुडीसाठी आणखी एक पायरी : पहिली नळी ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून मग पुढे जायचे. जे वाचले ते बीजाणू. पुडीत ‘बीजाणू’ म्हणून विकलेल्या मालाचा मोठा भाग या पायरीत मेला, तर तो माल उन्हाळ्यातल्या गोदामातही टिकणार नाही.

ही मोजणी आपण प्रत्येक बॅचची करावी आणि मुदतीच्या अखेरीस, पाकिटावर लिहिलेल्या साठवण-तापमानाला पुन्हा करावी. छापायचा आकडा दुसरा. फ्रीज-ड्राय केलेले लॅक्टिक जिवाणू ४ अंशांवर महिनोन्‌महिने राहतात, पण पत्र्याच्या छपराखाली ४० अंशांत आठवड्यांत ढासळतात. पाकीट एकदा उघडून हवेतली ओल शिरली की त्याहूनही लवकर. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ याला अर्थ नाही. अंश लिहा. उघडल्यावर किती दिवसांत संपवायचे तेही लिहा.

नावाबद्दल थोडेच. जात पुरेशी नसते, स्ट्रेनचा (जातीतल्या विशिष्ट वाणाचा) जिवाणू-संग्रहातला क्रमांक हवा. एकाच जातीचे दोन स्ट्रेन माशाच्या आतड्यात वेगळे वागतात, त्यामुळे एका स्ट्रेनवर झालेले संशोधन दुसऱ्याच्या पाकिटावर छापणे ही दिशाभूल आहे. लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची २०२० मध्ये पुनर्रचना होऊन अनेक नव्या प्रजाती झाल्या. जुने नाव ओळखीचे म्हणून कंसात ठेवा, पण नवे द्या. नेमकेपणा कसा असतो याचे उदाहरण समोरच आहे : युरोपीय संघाने २००९ मध्ये सालमन कुळातल्या माशांसाठी पेडियोकॉकस ॲसिडिलॅक्टिसीला परवानगी दिली, ती एका विशिष्ट क्रमांकाच्या स्ट्रेनला, आणि किलो खाद्यामागे किमान ३ अब्ज सीएफयू या अटीसह. स्ट्रेन, मासा आणि खाद्यातली किमान मात्रा, तिन्ही एकत्र.

सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस सेरियस या वेगळ्या जाती, पण ओळख काळजीपूर्वक केली नाही तर घोटाळा होतो, आणि सेरियसचे अनेक स्ट्रेन विष तयार करतात. बॅसिलस सेरियसच्या टोयोई प्रकाराचे एक खाद्यपूरक अनेक वर्षे वापरात होते; टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण आणि विष बनवण्याची क्षमता यांवरून प्रश्न उठल्यावर युरोपीय संघाने २०१३ मध्ये त्याची परवानगी स्थगित केली. एन्टेरोकॉकस गटातल्या जिवाणूंबाबतही हीच सावधगिरी हवी. प्रतिजैविक-रोधाची हस्तांतरणीय जनुके असलेला जिवाणू तळ्यात कोट्यवधींनी सोडणे म्हणजे ज्या संकटातून सुटायचे त्याचेच बी पेरणे. प्रत्येक स्ट्रेनचा पूर्ण जनुकक्रम काढा, रोध-जनुके आणि विष-जनुके तपासा, निकाल संकेतस्थळावर ठेवा. पूर्वीच्या तुलनेत हे काम आता फार स्वस्त झाले आहे.

आपल्यातले बरेच जण प्रोबायोटिकखेरीज इतर पूरकेही विकतात, त्यांबद्दल. यीस्टपासून काढलेले बीटा-ग्लुकन चांगले काम करते, पण किलोमागे १ ते २ ग्रॅम आणि चार ते सहा आठवड्यांच्या टप्प्यांत. मासे हलवण्याच्या, प्रतवारीच्या किंवा ऋतुबदलाच्या आधी सुरू करून. वर्षभर, तेही जादा मात्रेत दिले तर रोगप्रतिकारशक्तीचा प्रतिसाद थकतो. मॅनन-ऑलिगोसॅकराइडची (यीस्टच्या पेशीभित्तिकेतल्या शर्करा-साखळ्यांची) नेहमीची मात्रा किलोमागे २ ते ४ ग्रॅम. इन्युलिनसारख्या तंतूंबाबत ‘जितके जास्त तितके चांगले’ हा समज घातक आहे : १५ टक्के इन्युलिन असलेल्या खाद्याने ‘आर्क्टिक चार’ या सालमन कुळातल्या माशाच्या आतड्याच्या पेशींना इजा झाल्याचे दिसले आहे.

सेंद्रिय आम्लांवर जरा थांबायला हवे, कारण इथे रसायनशास्त्रच उत्तर देते. फॉर्मिक आम्ल जिवाणूला मारते ते अखंड रेणूच्या रूपात. अखंड रेणू जिवाणूच्या पटलातून आत जातो, आत सामू जास्त असल्याने फुटतो, आणि आतला समतोल बिघडवतो. सामू ३.७५ असताना निम्मे रेणू अखंड असतात. सामू ७ असताना हजारात एकही नाही. म्हणजे तिलापियाच्या जठरात पोटॅशियम डायफॉर्मेट (किलोमागे २ ते ३ ग्रॅम) जंतूंवर थेट काम करू शकते, आणि कार्पच्या आतड्यात तेच आम्ल, तीच मात्रा, तशी काम करणार नाही. खाद्य टिकवायला किंवा खनिजे विरघळायला कदाचित मदत होईल. पण मग दावा तेवढाच करा. ब्युटिरेटचा उद्देश वेगळा : ते आतड्याच्या पेशींचे इंधन आहे, आणि मागच्या आतड्यापर्यंत पोहोचायला त्याला चरबीचे आवरण लागते. आवरण नसलेले ब्युटिरेट पुढच्या भागातच शोषले जाते. आवरण आहे का, आणि किती टक्के, हे आम्हाला पाकिटावर सापडत नाही.

फायटेजचे एक वाक्य : वनस्पतीजन्य खाद्यातला फॉस्फरस मोकळा करणारे हे विकर उष्णतेने नष्ट होते, म्हणून एक्स्ट्रूजननंतर द्रवरूपात फवारायचे.

जे कोणत्याही पूरकाने बरे होत नाही, त्यासाठी पूरक विकू नका. सोयाबीन पेंडीचे प्रमाण जास्त झाले की सालमनच्या मागच्या आतड्याला सूज येते; घड्या आखूड होतात, पेशींतल्या पोकळ्या नाहीशा होतात, अस्तराखाली दाहपेशी गोळा होतात. कारण मुख्यतः सॅपोनिन, म्हणजे सोयाबीनमधली फेस आणणारी द्रव्ये. पेंड भाजून ट्रिप्सिन-रोधक (प्रथिनांचे पचन अडवणारी द्रव्ये) जातात, सॅपोनिन जात नाहीत. ते अल्कोहोलने धुतलेल्या सोया प्रथिन-सांद्रातच कमी होतात. कॉमन कार्पमध्येही ही सूज येते, पण काही आठवड्यांत बरीचशी ओसरते. कार्पवर प्रोबायोटिकची चाचणी घेतली आणि ती नेमकी या काळात बसली, तर आपोआप झालेली सुधारणा पुडीच्या नावावर जमा होते. खवट तेल, बुरशी लागलेला मका, मुदत संपलेले जीवनसत्त्व सी : या सगळ्यांत आतडे आणि यकृत दुखावते. मत्स्यपालकाने ‘मासे खात नाहीत’ म्हटल्यावर आपल्या प्रतिनिधीने आधी खाद्याचा वास घ्यावा, पहाटेचा ऑक्सिजन आणि अमोनिया विचारावा, कल्ले आणि आतडे उघडून पाहावे. त्यानंतर पाकिटाचे बोलावे.

प्रतिजैविकांसोबत प्रोबायोटिक देऊ नका, ही सूचनाही हवी. फ्लोरफेनिकॉल हे प्रतिजैविक चालू असताना दिलेले लॅक्टिक जिवाणू मरतात. बीजाणू सुप्त असेपर्यंत वाचतात, पण रुजू लागले की तेही. कोर्स पूर्ण करू द्या आणि दुसऱ्या दिवसापासून प्रोबायोटिक सुरू करा. खरी गरज तेव्हाच असते, कारण औषधाने मूळचे रहिवासी घटलेले असतात आणि मोकळ्या जागेवर एरोमोनाससारखे संधिसाधू जंतू टपलेले असतात. निदान दोन-तीन आठवडे रोज द्या. कोर्स अर्धवट सोडून प्रोबायोटिकवर या, असे सांगणारे प्रतिनिधी आपल्याकडे असतील, तर त्यांना आवरा. त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात.

शेवटी चाचण्या. आपल्या माहितीपत्रकांतले आलेख पाहिले की चार गोष्टी खटकतात. एकाच टाकीतले तीस मासे हे तीस स्वतंत्र पुरावे नसतात. ते एकाच पाण्यात राहतात, एकमेकांची विष्ठा खातात, त्यांचे जिवाणूही एकमेकांसारखे होतात. मोजायची असते टाकी, मासा नव्हे. प्रत्येक खाद्याला किमान तीन, शक्यतो चार टाक्या द्या, आणि चाचणी निदान आठ आठवडे किंवा वजन तिप्पट होईपर्यंत चालवा. दुसरे : तुलनेच्या गटाला साधे खाद्य देऊन चालत नाही. पुडीतला माल्टोडेक्स्ट्रिन (जिवाणू ज्यात मिसळतात ती वाहक पूड), वरचे तेल, ओला-सुका करण्याची प्रक्रिया, सगळे त्यालाही मिळायला हवे. एक गट उष्णतेने मारलेल्या त्याच जिवाणूंचा ठेवा. मग जिवंतपणाचा फायदा किती हे उघड होईल. तिसरे : आतड्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचून ‘आमचा जिवाणू वसला’ असे जाहीर केले जाते. डीएनए मेलेल्या जिवाणूंचाही वाचला जातो. सकाळी खाद्य देऊन दुपारी आतड्यातला ऐवज तपासला, तर खाद्यातलाच जिवाणू मोजला जातो. माशाला एक-दोन दिवस उपाशी ठेवून, आतडे धुऊन, अस्तर खरवडून घेतलेला नमुना वेगळा तपासा. खाद्याचा आणि कोऱ्या अभिकर्मकांचा (माशाचा नमुना न घातलेल्या चाचणी-रसायनांचा) नमुनाही सोबत चालवा. चौथे, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचे : ज्या चाचणीत फरक दिसला नाही, तीही प्रसिद्ध करा. कोणत्या माशात, कोणत्या तापमानाला, कोणत्या खाद्यावर पूड चालली नाही, ही माहिती शेतावर तितकीच कामाची असते. उबदार पाण्यातल्या तिलापियात चालणारी पूड १२ अंशांच्या ट्राउटमध्ये चालली नाही, हे छापल्याने आपला माल कमी विकला जाईल. पण जिथे विकला जाईल तिथे त्याचा उपयोग होईल आणि तो पुन्हा मागवला जाईल.

आमची मागणी पुढच्या छपाईपासून अमलात आणता येईल अशी आहे. स्ट्रेन क्रमांक, मुदतीअखेरची प्रत्येक स्ट्रेनची सीएफयू, वाहक द्रव्याचे नाव आणि टक्केवारी, कोणता मासा, किती ते किती अंश पाणी, किलो खाद्यामागे किती ग्रॅम, आणि खाद्य एक्स्ट्रूडरमधून जाणार असेल तर कधी मिसळायचे. जागा कमी पडत असेल, तर शेततळ्याचे रंगीत चित्र काढून टाका. प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना मुदत संपल्यावरही सहा महिने जपून ठेवा, आणि मत्स्यपालकाने तक्रार केली तर त्याच्याकडचे पाकीट आणि आपला नमुना दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत, वर सांगितलेल्या पद्धतीने मोजून आकडे त्याला लेखी द्या.

आपले,
माशांचे आरोग्य, खाद्यनिर्मिती आणि सूक्ष्मजीवशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे